बॉल पायथनला किती खायला द्यायचं आणि किती दिवसांनी? नाशिकमधल्या नवीन पाळणाऱ्यांसाठी

बॉल पायथन हा साप घरी आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना एकच काळजी लागते, याने अजून काहीच खाल्लं नाही. आपल्याकडे ताटात वाढून वर आग्रह करायची सवय, त्यामुळे आठ-आठ दिवस काही न खाता खोक्यात गुंडाळून बसलेला जीव बघवत नाही आणि मग लोक आठवड्यातून दोनदा उंदीर देतात, नाहीतर दुकानातला सगळ्यात मोठा उंदीर उचलून आणतात. पाळलेल्या बॉल पायथनला ही माया बाधते. जास्त खाल्ल्याने ओकलेले, लठ्ठ झालेले, सुस्तावलेले साप मी बरेच बघितलेत, म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की किती आणि कधी हे वजनकाट्यावर ठरवा, आणि तुम्हाला वाटेल त्यापेक्षा थोडं कमीच द्या.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या बाजूचा. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहतो, रात्री बाहेर येतो, आणि शिकारीमागे धावत नाही तर एका जागी दबा धरून बसतो. बिनविषारी आहे, आवळून मारतो. अंगाची उष्णता स्वतः तयार करायची नसल्यामुळे आणि हालचाल फार नसल्यामुळे त्याला खाणं लागतंच थोडं, आणि जंगलात महिनोन्‌महिने काही न मिळताही तो राहू शकतो. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मी काळजी तिथेच संपते.

खाण्याच्या आधी कागदपत्रं

हे टाळून पुढे जाऊ नका. बॉल पायथन साईटिस करारातल्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ ला जी दुरुस्ती झाली (लागू १ एप्रिल २०२३ पासून) त्यात या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत घेतलेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घेतल्यावर ३० दिवसांच्या आत परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची वेबसाईट) नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडून कागद घ्या, नोंदणी करा, प्रिंट घरात ठेवा. आणि आपल्याकडचा अजगर, मांडूळ, धामण, यातलं काहीही घरात ठेवणं हा गुन्हा आहे, कोणी कितीही स्वस्तात देत असला तरी हात लावू नका. आपल्या मळ्यात किंवा सोसायटीत साप निघाला तर सर्पमित्राला नाहीतर वनविभागाला बोलवा. तसंच बॉल पायथन नकोसा झाला म्हणून गंगापूर धरणाकडे किंवा पांडवलेणीच्या डोंगरावर नेऊन सोडायचा विचारसुद्धा करू नका, तो इथला नाही.

पहिला आठवडा: काहीच देऊ नका

नवीन साप आला की त्याला ७ ते १० दिवस शांत राहू द्या. पाणी बदलायचं, तापमान बघायचं, बस. हातात घ्यायचं नाही, शेजारच्या पोरांना दाखवायचं नाही, फोटोसाठी लपायची जागा उचलायची नाही. लपायला दोन जागा पाहिजेत, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, आणि दोन्ही घट्ट बसणाऱ्या, म्हणजे अंग सगळीकडून टेकलं पाहिजे. मोकळ्या मोठ्या काचेच्या टाकीत बसलेला बॉल पायथन स्वतःला उघड्यावर समजतो आणि खात नाही, तेव्हा टाकीच्या तीन बाजूंना कार्डबोर्ड किंवा काळा कागद लावलात तर फरक पडतो.

गरम बाजू ३१ ते ३३ डिग्री, थंड बाजू २५ ते २७, दमटपणा ६० टक्क्यांच्या वर. हीटर कुठलाही असो, त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं उपकरण, पाहिजेच, नुसती हीट मॅट सरळ प्लगला लावून ठेवली तर पोट भाजतं. हे सगळं खाण्याच्या लेखात का सांगतोय, तर पोटात गेलेला उंदीर पचवायला सापाला बाहेरची ऊब लागते. ऊब कमी पडली तर उंदीर पोटात सडायला लागतो आणि साप तो बाहेर टाकतो.

वजन करायला शिका

किचनचा साधा डिजिटल काटा घ्या, ५ किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा. त्यावर प्लास्टिकचा झाकणवाला डबा ठेवायचा, झाकणाला भोकं पाडलेली, काटा शून्यावर आणायचा आणि साप डब्यात ठेवायचा. हा काटा परत पिठासाठी वापरू नका, सापाचा वेगळाच ठेवा. पिल्लाचं वजन दर १५ दिवसांनी, मोठ्याचं महिन्यातून एकदा, आणि नेहमी खाणं द्यायच्या आधी, कारण खाल्ल्यावर केलेलं वजन उंदराचंही असतं. एक वही करा, तारीख, सापाचं वजन, काय दिलं, किती ग्रॅमचं, खाल्लं की नाही, शी कधी केली, कात कधी टाकली. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल पण लिहा.

आता मुख्य हिशोब

अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण ५० ते ८० ग्रॅमचं असतं. तिथपासून २०० ग्रॅमपर्यंत दर ७ दिवसांनी एकदा, सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा एकच उंदीर. म्हणजे पिल्लू ८० ग्रॅमचं असेल तर ८ ते १२ ग्रॅमचा, हा साधारण हॉपर माऊस होतो, अंगावर केस आलेला पण अजून छोटा. पिंकी म्हणजे गुलाबी बिनकेसांचं पिल्लू, ते बॉल पायथनला बहुतेक वेळा फारच छोटं पडतं, कारण हे पिल्लू मुळात बऱ्यापैकी जाड जन्मतं.

२०० ते ५०० ग्रॅममध्ये असेल तर ७ ते १० दिवसांनी, साधारण १० टक्के. साप ३५० ग्रॅमचा म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपासचा छोटा रॅट (माऊस म्हणजे छोट्या जातीचा उंदीर, रॅट म्हणजे मोठ्या जातीचा).

५०० च्या पुढे गेला की इथे बहुतेक जण चुकतात, कारण साप आता देखणा दिसायला लागलेला असतो, जोरात झडप घालतो, उंदीर दिसला की नाही म्हणत नाही, आणि मालकाला वाटतं की भूक वाढली. भूक वाढलेली नसते, वाढीचा वेग कमी झालेला असतो. ५०० ते १००० ग्रॅमपर्यंत दोन आठवड्यांनी एकदा, ६ ते ८ टक्के, म्हणजे ७०० ग्रॅमच्या सापाला ५० ग्रॅमचा उंदीर भरपूर झाला.

पूर्ण वाढलेला, म्हणजे नर एक-दीड किलोच्या आसपास आणि मादी त्याहून जड, यांना ३ ते ४ आठवड्यांनी एकदा, वजनाच्या ४ ते ५ टक्के. दीड किलोच्या मादीला ६० ते ७५ ग्रॅमचा रॅट महिन्यातून एकदा. हो, एवढंच. घरचे म्हणतील बिचारी उपाशी आहे, त्यांना वही दाखवा, वजन जागेवर असेल तर ती उपाशी नाही.

काटा हाताशी नसेल त्या दिवशी डोळ्यांनी मोजायचं असेल तर उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, किंवा किंचित जास्त. डोक्याची रुंदी बघू नका, जबडा खूप उघडतो त्यामुळे डोक्यावरून काही कळत नाही. खाल्ल्यावर पोटावर छोटा उंचवटा दिसला पाहिजे, मोठं गाठोडं दिसायला नको.

काय द्यायचं, काय नाही

फक्त उंदीर आणि रॅट, अख्खे, पाळून वाढवलेले. अख्ख्या उंदरात हाडं, काळीज, केस सगळं असतं, त्यातून कॅल्शियम-बिल्शियम सगळं मिळतं, वरून पावडर लागत नाही. चिकनचे तुकडे देऊ नका, नुसतं मांस म्हणजे अर्धवट खाणं. अंडी हा साप खात नाही. दूध तर अजिबात नाही. नागपंचमीला हमखास कोणीतरी वाटी घेऊन येतं, त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की कुठलाच साप दूध पचवू शकत नाही, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो एवढंच. याला स्वच्छ पाणी पाहिजे, जड तळाच्या भांड्यात, रोज बदललेलं.

घरात, गोडाऊनमध्ये किंवा कांद्याच्या चाळीत पकडलेला उंदीर कधीच देऊ नका. निफाड-लासलगावकडचे मित्र हौसेने आणून देतात, पण चाळीत उंदरांसाठी औषध टाकलेलं असतं, त्या उंदराने ते खाल्लं असेल तर ते सापाच्या पोटात जातं, शिवाय जंत आणि रोगराई वेगळी. पेट शॉपवाल्याला विचारा की उंदीर कुठून येतात, काय खाऊन वाढलेत. नीट उत्तर देत नसेल तर दुसरीकडे जा.

जिवंत उंदीर टाकीत सोडू नका. उंदीर मरायच्या आधी चावतो, सापाचे डोळे आणि पाठ कुरतडलेल्या केसेस डॉक्टरांकडे येतात, आणि साप भुकेला नसेल तर रात्रभर आत सोडलेला उंदीरच त्याला खायला लागतो. उंदरासाठीही ते क्रूर आहे. मारलेला किंवा फ्रोझन उंदीर हाच चांगला मार्ग.

नवीन पिल्लू असेल तर शक्यतो रॅटची पिल्लं लवकर सुरू करा. बॉल पायथन वासाच्या बाबतीत हट्टी असतो, माऊसची सवय लागलेला मोठा साप रॅटकडे बघत नाही आणि मग एका वेळेला दोन-तीन माऊस द्यायची वेळ येते.

फ्रोझन उंदीर तयार करणं

आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून झिप लॉकच्या पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट गार पाण्यात अर्धा तास, मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात. पोट बोटाने दाबून बघा, आत कडक किंवा गार लागलं तर अजून झालं नाही. बाहेरून ३८ ते ४० डिग्री पाहिजे, टेम्परेचर गन असेल तर मोजा. मायक्रोवेव्हमध्ये नको, आतून शिजतो आणि फुटतो. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही, साप नाही म्हणाला तर टाकून द्यायचा.

देताना कोरडा करून द्या, आणि डोक्याची बाजू शेवटी अर्धा मिनिट परत गरम पाण्याला लावा. याला कारण आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग असते, त्यातून त्याला उष्णता कळते, अंधारात तो त्यावरच नेम धरतो. डोकं गरम असलं की झडप बरोबर डोक्यावर पडते आणि गिळायला सोपं जातं.

प्रत्यक्ष देताना

संध्याकाळनंतर द्या, दिवे मंद करून, टीव्ही बंद. हाताने द्यायचं नाही, लांब चिमटा वापरा, किमान फूटभराचा. त्याच्याच घरात द्या, दुसऱ्या डब्यात हलवून खायला घालायची जुनी पद्धत आहे पण त्या उचलाउचलीनेच अर्धे साप बिचकतात.

उंदीर शेपटीजवळ चिमट्यात धरून लपायच्या जागेच्या तोंडाशी न्या, नाकावर आदळू नका. आधी फक्त जीभ बाहेर येईल, सावकाश, एकदा, दोनदा, मग भरभर. मग मान मागे ओढली जाते, वळणात, आणि साप एकदम दगडासारखा थांबतो. इथे नवीन माणूस घाबरून चिमटा मागे घेतो, घेऊ नका, हलकेच एकदा हलवा आणि थांबा. झडप इतकी पटकन होते की दिसत नाही, दिसतात ते थेट दोन-तीन वेढे. आता चिमटा सोडा आणि मागे सरका. मेलेल्या उंदरालासुद्धा तो पाच-दहा मिनिटं आवळून बसेल, मग वेढे सैल करून नाकाने उंदराचं अंग चाचपत डोकं शोधेल, आणि डावा जबडा, उजवा जबडा असं पुढे सरकवत गिळेल. शेवटी दोन-तीन जांभया देतो, ते जबडा जागेवर बसवणं आहे, आजार नाही. या सगळ्यात टाकीला हात लावू नका, फ्लॅश मारू नका.

दहा-पंधरा मिनिटांत काही झालं नाही तर उंदीर लपायच्या जागेसमोर ठेवून निघून जा, कित्येक जण कोणी बघत नसतानाच खातात. सकाळी तसाच पडलेला असेल तर उचलून टाका आणि पुढच्या ठरलेल्या दिवसापर्यंत परत विचारू नका. रोज रोज उंदीर नाचवणं म्हणजे सापाला रोज ताण.

खाल्ल्यावर ४८ तास हातात घ्यायचं नाही, पोट मोठं दिसत असेल तर अजून थांबा. उंदीर आणि चिमटा हाताळल्यावर, सापाला हात लावल्यावरही, साबणाने हात धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जिवाणू) असू शकतो, घरात लहान बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर जास्तच जपा.

घर आणि फ्रीज

हा विषय कोणी लिहीत नाही पण भांडणं यावरूनच होतात. घरच्या फ्रीजमध्ये आईस्क्रीमशेजारी उंदीर ठेवले तर आई घराबाहेर काढणारच, आणि तिचं बरोबर आहे. छोटा सेकंडहँड फ्रीझर वेगळा घ्या, किंवा साप आणायच्याच आधी घरच्यांशी बोला. श्रावणात, चातुर्मासात ज्यांच्या घरी मटण-मच्छी येत नाही तिथे हे अजून नाजूक होतं. मोठा साप महिन्याला एकदा खातो, त्यामुळे घरच्यांना चालेल असा दिवस सोयीने ठरवता येतो. पिल्लाला मात्र दर आठवड्याला लागतंच, तिथे तडजोड करू नका. घरच्यांची तयारीच नसेल तर साप आणू नका, हा प्राणी २०-३० वर्षं जगतो.

नाशिकची थंडी आणि न खाणारा साप

डिसेंबर-जानेवारीत पेपरमध्ये निफाडचा पारा किती उतरला ते रोज येतं, शहरातही पहाटे १० डिग्रीच्या खाली जातं. मखमलाबाद, म्हसरूळ, गंगापूर रोडच्या मळ्याकडच्या भागात अजून बोचरं. आपल्या घरांना हीटिंग नसतं, त्यामुळे गरम बाजू थर्मोस्टॅटवर ३२ दाखवत असली तरी टाकीची बाकी हवा गार पडलेली असते. टाकी बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब घ्या, वरून आणि बाजूंनी थर्माकोल लावा, हवा खेळायला जागा ठेवून. हीटर लावला की दमटपणाही उतरतो, तो बघा. थंड बाजू रात्रीत २४ च्या खाली जात असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच खायला द्या. नुकतंच खाल्लंय आणि लाईट गेली, अशा वेळी टाकीवर गोधडी टाका आणि गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आत एका कडेला ठेवा. रात्रभर लाईट जाणार हे आधी माहीत असेल तर त्या दिवशी खाणं पुढे ढकला.

तापमान बरोबर असूनही मोठे बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीत दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त खात नाहीत. नवीन माणूस इथे हादरतो. हे नेहमीचं आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा विचारा, नाही म्हणाला तर सोडून द्या, पाणी चालू ठेवा, वजन करत राहा. वजन जागेवर असेल किंवा थोडंसंच उतरत असेल तर वाट बघा.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी होतात, रंग मळका दिसतो, त्या आठवड्यातही खाणार नाही. तेव्हा विचारूच नका.

पिल्लाचं मात्र वेगळं. त्याच्याकडे साठा नसतो. पिल्लू ओळीने चार-पाच वेळा नाही म्हणालं तर आधी तापमान, लपायची जागा, मग उंदराचा आकार आणि डोक्याची ऊब हे सगळं तपासा, आणि तरी नसेल खात तर डॉक्टर. जबरदस्तीने तोंडात कोंबायचं नाही.

लठ्ठ की बारीक?

चांगला साप थोडा त्रिकोणी दिसतो, पाठीचा कणा हलका जाणवतो, बाजू भरलेल्या. कणा धारदार वर आलाय, कातडीला उभ्या सुरकुत्या, तर बारीक किंवा पाणी कमी. अंग पाईपसारखं गोल, वळल्यावर खवल्यांच्या मधली कातडी ताणून दिसते, शेपटीच्या आधी चरबीच्या वळ्या, तर लठ्ठ. लठ्ठ सापाला एकदम उपाशी टाकू नका, दोन खाण्यांमधले दिवस वाढवा आणि उंदीर एक साईझ छोटा करा.

ओकला तर

गिळलेला उंदीर एक-दोन दिवसांनी अर्धवट पचून बाहेर आला तर ती गंभीर गोष्ट समजा. टाकी साफ करा, भरपूर पाणी ठेवा, तापमान तपासा आणि कमीत कमी १४ दिवस काही देऊ नका, कारण पोटातला आम्ल आणि अन्ननलिका सावरायला वेळ लागतो. भूक लागलीय म्हणून दोन दिवसांत परत दिलं तर परत ओकतो आणि मग साप वाचवणं अवघड होतं. १४ दिवसांनी नेहमीच्या निम्म्या आकाराचा एकच उंदीर. परत ओकला तर वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या.

सापाला बघणारा डॉक्टर आजारपण यायच्या आधीच शोधून ठेवा, सगळे पशुवैद्य साप बघत नाहीत, गरज पडली तर पुणे-मुंबईला दाखवायची तयारी ठेवा. वजन १० टक्क्यांच्या वर उतरलं, दोनदा ओकला, तोंडातून बुडबुडे किंवा शिट्टीसारखा आवाज, तोंडात पिवळट चिकट थर, यातलं काहीही दिसलं की न्यायचं. जाताना वही सोबत घ्या, आणि शेवटची शी किंवा ओकलेला उंदीर पिशवीत बंद करून न्या, शेवटचं कधी खाल्लं, किती ग्रॅम, टाकीचं तापमान किती होतं, डॉक्टर आधी तेच विचारतात.